अक्षरओळख नव्हती, तरी पोरांना धर्म शिकवला : डॉन बॉस्कोंच्या आईची गोष्ट

डॉन बॉस्को हे नाव आपल्याकडं बहुतेकांना शाळेमुळं माहीत आहे. मुंबईत माटुंग्याला आहे, नाशिकला आहे. ज्यांच्या नावानं या शाळा चालतात ते डॉन बॉस्को म्हणजे इटलीतले एक कॅथलिक धर्मगुरू. तिकडं फादरला डॉन म्हणतात, सिनेमातल्या डॉनशी त्याचा काही संबंध नाही. पण आजचा लेख त्यांच्यावर नाही. त्यांची आई मार्गेरिता हिच्यावर आहे. येत्या २५ नोव्हेंबरला तिची पुण्यतिथी आहे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात ख्रिस्ती वस्त्या काही नव्या नाहीत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला तर सगळ्या जातीधर्माची माणसं जातात. माझ्या वावराच्या पलीकडंही अशी एक वस्ती आहे. सांजच्याला पाण्याची पाळी संपवून घरी येताना तिथल्या एका घरातून प्रार्थनेचा आवाज येतो. आजी पुढं म्हणते, नातवंडं मागं म्हणतात. आजी अजून अंगठाच लावते. हे सगळं कुठं शिकलात म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या की आईनं कापूस वेचता वेचता शिकवलं. माझ्या घरीही तसंच होतं. माझ्या आईनं पोथी कधी उघडली नाही, पण हरिपाठ तिला तोंडपाठ.

म्हणून मार्गेरिता बॉस्कोचं चरित्र वाचताना मला ती बाई परकी वाटली नाही. दोनशे वर्षांपूर्वीची, सातासमुद्रापलीकडची, पण कोरडवाहू शेतकऱ्याची विधवा बायको. लिहिता-वाचता येत नव्हतं. पोरांना धर्म शिकवायला तिच्याकडं होतं काय, तर पाठ केलेल्या प्रार्थना, शेतातलं काम आणि घराचं दार.

कॅप्रिलिओची पोर

मार्गेरिताचा जन्म १ एप्रिल १७८८ चा. उत्तर इटलीत पीडमाँट नावाचा भाग आहे. तिथल्या टेकड्यांमधलं कॅप्रिलिओ हे तिचं गाव. माहेरचं आडनाव ओक्किएना. घरात भावंडं बरीच. द्राक्षाच्या बागा, थोडा गहू, थोडी मका, दोन-चार जनावरं, असा त्या भागातला शेतकरी. जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडं जास्त, हे आपल्यासारखंच.

पोरगी लहानपणापासून धीट होती. तिची एक गोष्ट तिकडं सांगतात. लढाईचे दिवस होते, गावाजवळ परक्या फौजेचा तळ पडला होता. घरापुढं मका वाळत घातली होती आणि ही पोरगी राखणीला बसली होती. फौजेची घोडी आली आणि मक्यात तोंड घालून खायला लागली. शिपाई बघून हसत होते. पोरीनं आधी आरडाओरडा केला, कुणी ऐकेना. मग तिनं घरातून गवताचं दाताळं आणलं आणि घोड्यांना टोचून टोचून हाकललं. शेवटी शिपायांनाच आपली जनावरं धरून न्यावी लागली.

शाळेत ती कधी गेली नाही. चर्चमध्ये फादर धर्माची प्रश्नोत्तरं म्हणून घ्यायचे, ती ऐकून ऐकून तिनं पाठ केली. देव कोण, माणसाला त्यानं कशासाठी घडवलं, दहा आज्ञा कोणत्या, पाप कशाला म्हणायचं, अशी ती प्रश्नोत्तरं असतात. कॅथलिक लोकांत त्याला कॅटेकिझम म्हणतात. त्या काळी शेतकऱ्याच्या घरात पुस्तक असणं अवघड, म्हणून सगळं डोक्यात साठवायचं. हीच साठवण तिला पुढं आयुष्यभर पुरली.

पदरात तीन पोरं आणि दुष्काळ

६ जून १८१२ ला तिचं लग्न झालं. नवरा फ्रान्चेस्को बॉस्को. तो बिजवर होता, पहिली बायको वारलेली. तिचा अंतोनियो नावाचा मुलगा चार वर्षांचा होता. नवऱ्याची म्हातारी आईही घरात होती. म्हणजे मार्गेरिता उंबरठा ओलांडून आली ती सावत्र आई होऊनच. पुढं १८१३ ला तिला ज्युसेप्पे झाला आणि १६ ऑगस्ट १८१५ ला ज्योव्हान्नी. हा ज्योव्हान्नी म्हणजेच जॉन, पुढचे डॉन बॉस्को. कास्तेलनुओव्हो या मोठ्या गावाजवळ बेक्की नावाची छोटी वस्ती होती, तिथं त्यांचं घर.

१८१७ च्या मे महिन्यात फ्रान्चेस्को कामावरून घामाघूम होऊन आला आणि तसाच गार तळघरात उतरला. संध्याकाळी ताप भरला. न्युमोनियानं चार-पाच दिवसांत माणूस गेला. मार्गेरिता तेव्हा २९ वर्षांची. जॉनला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढं म्हातारपणी डॉन बॉस्कोंनी लिहून ठेवलं आहे की, त्यांची पहिली आठवण त्या दिवसाचीच. बापाच्या खोलीतून ते बाहेर यायला तयार नव्हते आणि आई रडत रडत त्यांना हाताला धरून बाहेर नेत होती.

त्याच वर्षी त्या भागात दुष्काळ पडला. आधी हिमानं पिकं मारली, मग पावसानं दडी मारली. रानात माणसं मेलेली सापडायची आणि त्यांच्या तोंडात गवत असायचं, इतकी उपासमार. मार्गेरिताच्या घरातलं धान्य संपलं. तिनं एका शेजाऱ्याजवळ पैसे देऊन त्याला बाजारोबाजार पाठवलं. तो रिकाम्या हातानं परत आला, पैसे देऊनही धान्य मिळत नव्हतं. पोरं भुकेली, म्हातारी भुकेली.

त्या रात्री तिनं काय केलं, ते शेतकऱ्यालाच कळेल. ती आधी गुडघ्यावर बसली, प्रार्थना केली. मग उठली, शेजाऱ्याला मदतीला घेतलं आणि गोठ्यातलं वासरू कापलं. त्यातलं मांस शिजवून त्या रात्री घरच्यांच्या पोटात घातलं. वासरू कापणं म्हणजे त्यांच्याकडंही पुढच्या वर्षाची आशाच कापणं. पण देवाकडं मागून झालं, आता हातानं करायचं ते करू, असा तिचा हिशेब होता. पुढं लांबच्या गावाहून महागाचं धान्य आणून तिनं ते वर्ष काढलं. चुलीजवळच्या लेकरांनी हे सगळं पाहिलं. प्रार्थना करायची आणि उठून कामाला लागायचं, हा पहिला धडा त्यांना तिथंच मिळाला.

पुढं तिला दुसरं स्थळ आलं. माणूस खाऊनपिऊन सुखी होता. अट एवढीच, की पोरं एका पालकाच्या ताब्यात द्यायची, तो त्यांची चांगली व्यवस्था लावील. मार्गेरितानं नकार दिला. पालक हा फार तर मित्र होईल, आई होणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. त्या पोरांत अंतोनियोही होता, जो तिच्या पोटचा नव्हता.

कामातून शिकवणी

डॉन बॉस्कोंनी आपल्या आठवणींत आईच्या शिकवणीबद्दल नीट लिहिलं आहे. पोरांना धर्म समजावा, त्यांनी ऐकावं आणि रिकामं बसू नये, या तीन गोष्टींवर तिचा भर होता.

जॉन अगदी लहान होता तोवर ती त्याला एकेक प्रार्थना मांडीवर घेऊन शिकवायची. त्याला म्हणता यायला लागल्यावर तिनं त्याला थोरल्या भावांच्या ओळीत बसवलं. सकाळी आणि रात्री सगळं घर गुडघ्यावर, मधे आई. रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, तीही एकत्र. थकलो म्हणून आज राहू दे, असं तिच्याकडं चालायचं नाही. दिवसभर तीही पोरांच्या बरोबरीनं वावरात राबलेली असायची, त्यामुळं सबब सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

बाकीची शिकवणी कामात चालायची. रात्री उघड्यावर बसले की ती चांदण्या दाखवायची आणि हे सगळं देवानं केलं आहे, असं सांगायची. पीक चांगलं आलं की त्याचे आभार मानायला लावायची. एकदा गारांनी द्राक्षबाग झोडपून काढली. आपल्याकडं गारपिटीनंतर बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड कसं असतं, हे मी बातमीसाठी फिरताना कितीदा पाहिलंय. तिथं मार्गेरितानं पोरांना सांगितलं की, देणारा तो होता, नेणाराही तोच, मालक तो आहे. हे ऐकायला सोपं आहे. पण ज्या बाईनं वासरू कापलं होतं, तिच्या तोंडून ऐकताना पोरांना ते खरं वाटलं असणार.

तिचं घर रानाच्या कडेला होतं. रात्री-अपरात्री भिकारी, वाटसरू, कधी पोलिसांपासून लपणारे लोकही दार वाजवायचे. ती त्यांना गरम सूप आणि घरात असेल ते द्यायची. कोण, कुठला, काय केलंस, असं विचारायची नाही. पोलीसही त्याच घरी थांबायचे. शेजारी कुणी आजारी असलं की रात्री निघायची आणि सोबतीला एखाद्या पोराला घ्यायची. शेजाऱ्यावर प्रेम करावं, हे धर्माच्या प्रश्नोत्तरांत लिहिलेलंच आहे. तिनं पोरांना ते अंधारात, हातात कंदील देऊन दाखवलं.

कोपऱ्यातली काठी

घराच्या कोपऱ्यात एक बारीक काठी असायची. ती तिनं वापरल्याचं डॉन बॉस्कोंना आठवत नव्हतं, पण काढूनही टाकली नव्हती.

जॉन आठेक वर्षांचा असतानाची गोष्ट. गुरुवारी आई कास्तेलनुओव्होच्या बाजाराला गेली होती. उंच फळीवरचं काहीतरी काढायला जॉन खुर्चीवर चढला आणि तेलाचं भांडं खाली पडून फुटलं. तेल म्हणजे घरातली महागाची वस्तू. त्यानं पुसायचा प्रयत्न केला, डाग काही जाईना. मग त्यानं कुंपणातली एक फांदी तोडली, साल काढून तिच्यावर नक्षी कोरली आणि आई यायच्या वेळेला वाटेत जाऊन उभा राहिला. आई दिसली तशी तिला हकीकत सांगितली आणि काठी पुढं केली. आईला राग आला असेल, पण हसूही आलं. खरं बोलल्याचं तिला जास्त समाधान वाटलं.

लपवायचं नाही, येऊन सांगायचं, हे घरात मुरलेलं होतं. म्हणून पहिल्या पापनिवेदनाची वेळ आली तेव्हा जॉनला ते अवघड गेलं नाही. पापनिवेदन म्हणजे आपल्या चुका फादरजवळ कबूल करून देवाची क्षमा मागायची. त्या दिवशी आई स्वतः त्याला घेऊन चर्चमध्ये गेली. आधी स्वतः निवेदन केलं, फादरला पोराबद्दल सांगितलं, मग पोराला पुढं केलं. झाल्यावर देवाचे आभार कसे मानायचे, तेही शेजारी बसून सांगितलं.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाचीही तीच तऱ्हा. चर्च बेक्कीपासून काही किलोमीटर लांब, तिथल्या फादरना वस्तीवरचं पोर फारसं ओळखीचं नव्हतं. मुलं सहसा याहून मोठी झाल्यावर ख्रिस्तप्रसाद घ्यायची. जॉन दहा-अकरा वर्षांचा होता. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्यानं धर्मशिक्षणाच्या वर्गाला जावं, याची तिनं काळजी घेतली आणि घरी स्वतः उजळणी घेतली. परीक्षेत जॉन पास झाला. त्या दिवशी तिनं त्याला शेतकाम सांगितलं नाही, कुणाशी गप्पा मारू दिल्या नाहीत. पोराला समजावं की आजचा दिवस वेगळा आहे. रोज कामाला लावणाऱ्या आईनं एक दिवस काम बंद ठेवलं, म्हणजे त्या दिवसाची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

याचा परिणाम असा झाला की, पोरगं स्वतःच दुसऱ्यांना सांगायला लागलं. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून जॉन दोरीवर चालायला, कोलांट्या मारायला शिकला. रविवारी घरापुढच्या गवतात तो खेळ करायचा, वस्तीवरचे लोक जमायचे. पण खेळाच्या आधी प्रार्थना आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन जसंच्या तसं. ज्याला ते नको असेल, त्यानं खेळही बघायचा नाही. आईनं त्याला यातलं काही बंद करायला सांगितलं नाही.

घरातला पेच

इथपर्यंत वाचून वाटेल की सगळं सरळ चाललं होतं. तसं नव्हतं.

जॉनला शिकायचं होतं. अंतोनियो आता तरुण झाला होता, घरचं औत त्याच्या हातात होतं. धाकट्यानं पुस्तक धरलं की त्याचं डोकं फिरायचं. मी पुस्तकाविना मोठा झालो, याला कशाला पाहिजे, असा त्याचा सवाल. आपल्याकडं अशी घरं मी पाहिली आहेत. आणि अंतोनियोचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही, त्याच्या घामावर घर चाललं होतं. भांडणं हातघाईवर यायला लागली.

मार्गेरितापुढं प्रश्न होता. सावत्र पोराला दाबावं, तर गाव म्हणणार सावत्र आई ती सावत्रच. पोटच्याला दाबावं, तर त्याची शाळा बुडणार. शेवटी फेब्रुवारीच्या थंडीत तिनं बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर काम शोधायला पाठवलं. हातात कपड्यांचं गाठोडं. मोंकुक्को गावाजवळ मोल्या नावाच्या कुटुंबाची शेती होती. तिथं तो गुरं राखायला राहिला, आपल्या भाषेत सालगडी. वर्षाहून जास्त काळ तो तिथं होता. तिथंही त्याची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना चुकली नाही, गुरांमागं पुस्तक चुकलं नाही. आई शेजारी नव्हती, पण शिकवलेलं सोबत होतं. माझ्या मते तिच्या शिकवणीची खरी परीक्षा इथं झाली.

पुढं जमिनीची वाटणी झाली, अंतोनियो वेगळा निघाला आणि जॉनचा शिक्षणाचा रस्ता मोकळा झाला. १८३१ मध्ये तो किएरी या शहरात शाळेला गेला. खाण्या-राहण्याचे पैसे नव्हते, तर आईनं धान्य घालून भागवलं. जॉननं शिंप्याकडं, लोहाराकडं, हलवायाकडं मिळेल ते काम करत शिक्षण पुरं केलं.

श्रीमंत होऊ नकोस

जॉननं फादर व्हायचं ठरवलं. मध्येच संन्याशांच्या मठात जावं असा विचार त्याच्या मनात आला. तेव्हा गावच्या फादरनी मार्गेरिताला गाठलं. तुझं वय होत चाललंय, पोरगा हुशार आहे, गावोगावच्या चर्चमध्ये नेमणूक झाली तर म्हातारपणी तुला आधार होईल, मठात गेला तर काय मिळणार, असं समजावलं.

ती पोराला भेटायला गेली आणि उलटंच सांगून आली. माझा विचार करू नकोस, नीट विचार करून देव बोलावील तिथं जा. मी गरिबीत जन्मले, गरिबीतच मरणार आहे. पण तू फादर होऊन श्रीमंत झालास, तर तुझ्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. विधवा बाई, उतरत्या वयाची, घरात दुसरी मिळकत नाही. तिनं हे बोलणं म्हणजे स्वतःच्या म्हातारपणाची सोय स्वतःच्या हातानं मोडणं होतं.

५ जून १८४१ ला तुरीन शहरात जॉनचा धर्मगुरू म्हणून अभिषेक झाला. काही दिवसांनी गावी पहिली मिस्सा झाली. त्या संध्याकाळी मायलेक घरी आले, तेव्हा तिनं एवढंच बजावलं की मिस्सा म्हणायला लागलास म्हणजे दुःख सोसायलाही लागलास.

ज्यांना शिकवायला कुणी नव्हतं

तुरीनमध्ये तेव्हा खेड्यापाड्यातून पोरं कामाला येत होती. गवंड्याच्या हाताखाली, कारखान्यात, रस्त्यावर. कुणाचे आई-बाप वारलेले, कुणाचे लांब. ८ डिसेंबर १८४१ ला डॉन बॉस्कोंना असाच एक अनाथ मुलगा भेटला, बार्तोलोमेओ गारेल्ली. सोळा वर्षांचा. त्याला क्रुसाची खूणही करता येत नव्हती. वयानं मोठा झाल्यामुळं लहान पोरांच्या धर्मशिक्षणात बसायची लाज वाटायची. डॉन बॉस्कोंनी त्याला तिथंच बसवून क्रुसाची खूण शिकवली. त्यांचं सगळं काम इथून सुरू झालं. जे आपल्याला आईनं शिकवलं, ते ज्यांना शिकवायला घरात कुणीच नाही, त्यांना आपण शिकवायचं.

पोरं वाढत गेली. १८४६ मध्ये वाल्दोक्को भागात एक साधी पडवी भाड्यानं मिळाली. पण त्याच उन्हाळ्यात डॉन बॉस्को कामाच्या ओझ्यानं आजारी पडले, मरता मरता वाचले. बरे व्हायला गावी आले. परत जाताना त्यांनी आईला सोबत चलायची विनंती केली. वस्ती चांगली नव्हती, एकट्या तरुण फादरनं तिथं राहणं बरं नव्हतं, आणि पोरांना आईची गरज होती.

मार्गेरिता ५८ वर्षांची होती. ज्युसेप्पेच्या घरी नातवंडांत रमली होती. शेत होतं, शेजार होता. देवाला आवडत असेल तर येते, म्हणाली. ३ नोव्हेंबर १८४६ ला मायलेक पायी तुरीनला निघाले. तिच्या हातात कपड्यांची टोपली, त्यांच्या हातात प्रार्थनेची पुस्तकं. शहराजवळ ओळखीचे एक फादर भेटले. दोघांची दशा बघून त्यांनी खिशातलं स्वतःचं घड्याळच देऊन टाकलं. घर मांडायला पैसे नव्हते. तिनं लग्नातले कपडे आणि जपून ठेवलेले सोन्याचे दागिने काढले. कपड्यांची वेदीसाठी वस्त्रं झाली, सोनं विकून खर्च भागला.

चुलीपुढचा बिछाना

सुरुवातीला गवताच्या माळ्यावर काही पोरांना रात्री आसरा दिला, तर सकाळी ती चादरी-ब्लँकेटं घेऊन पसार. दुसरा कुणी असता तर दार लावून बसला असता. १८४७ च्या मे महिन्यात, पावसाच्या रात्री, एक पंधरा वर्षांचं पोरगं चिंब भिजून दारात आलं. अनाथ, गवंडीकाम शोधत आलेलं, जवळचे पैसे संपलेले. मार्गेरितानं त्याला चुलीजवळ बसवलं, सूप-भाकरी दिली. विटा मांडल्या, वर फळ्या टाकल्या, वर गादी. झोपण्याआधी त्याच्याजवळ बसून कष्ट, प्रामाणिकपणा आणि धर्म याविषयी चार शब्द सांगितले आणि प्रार्थना म्हणवून घेतली. अगदी तसंच, जसं बेक्कीला स्वतःच्या पोरांना सांगायची.

डॉन बॉस्कोंच्या सलेशियन संस्थांमध्ये रात्री झोपण्याआधी मुलांना दोन शब्द सांगायची पद्धत आहे. तिचं मूळ त्या रात्रीच्या स्वयंपाकघरात आहे, असं ते लोक मानतात.

मग पोरं राहायलाच यायला लागली. तिनं स्वयंपाक केला, रात्री दिव्याखाली फाटके कपडे शिवले, आजाऱ्यांची उशापायथ्याशी सेवा केली. सगळी पोरं तिला मम्मा म्हणायची. १८५४ ला तुरीनमध्ये कॉलरा आला, मोठी मुलं रोग्यांची सेवा करायला गेली. रोग्यांसाठी कपडा कमी पडला तर तिनं घरातलं सगळं दिलं, शेवटी वेदीवरचं वस्त्रही दिलं.

तुडवलेलं माळवं

पण तीही माणूसच होती. वाल्दोक्कोच्या अंगणात तिनं थोडं माळवं केलं होतं. शेतकऱ्याची बाई, जमीन मोकळी पाहवत नाही. कांदा, कोबी, सॅलडचा पाला असं काहीबाही. एके दिवशी पोरांनी लढाईचा खेळ मांडला आणि खेळता खेळता सगळं माळवं तुडवून मातीत घातलं.

त्या दिवशी तिचा धीर सुटला. मुलाजवळ जाऊन तिनं सगळं मोकळं केलं. कपडे फाडतात, भांडी हरवतात, आता हेही गेलं. मला माझ्या गावाला जाऊ दे. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत. भिंतीवरच्या क्रुसावरच्या येशूकडं त्यांनी बोट दाखवलं. ती बघत राहिली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पदर खोचून परत कामाला लागली. परत गावाला जायचं नाव तिनं काढलं नाही. लहानपणी जे तिनं त्याला शिकवलं होतं, ते त्या दिवशी त्यानं तिला परत दिलं.

नोव्हेंबर १८५६ मध्ये तिला न्युमोनिया झाला. नवराही त्याच रोगानं गेला होता. शेवटच्या रात्री मुलाची तगमग बघून तिनंच त्याला खोलीतून जायला सांगितलं. २५ नोव्हेंबरच्या पहाटे ती गेली, वय ६८. मागं पैसा नाही, दागिना नाही. गरिबांच्या सार्वजनिक कबरीत तिला पुरलं. आज तिची कबर दाखवता येत नाही.

तीन वर्षांनी, १८५९ मध्ये, डॉन बॉस्कोंनी सलेशियन संस्था उभी केली. १९०६ मध्ये ती भारतात तंजावरला आली, मग मुंबईला. १८८८ मध्ये डॉन बॉस्को वारले, १९३४ मध्ये त्यांना संतपद मिळालं. २००६ मध्ये चर्चनं मार्गेरितालाही वंदनीय म्हणून मान दिला, संतपदाच्या वाटेवरची ती पायरी आहे.

आता आपल्याकडचं बघू. कोणत्याही धर्माचं घर असो, पोरांचं वळण आपण दुसऱ्यावर सोपवलंय. अभ्यास क्लासला, धर्म फादरला नाहीतर महाराजांना, आणि उरलेला वेळ मोबाइलला. मी स्वतः यातलाच आहे. रात्री बातमी टाईप करत बसतो, पोरं शेजारी आपापल्या मोबाइलमध्ये. वेळ नाही, असं सगळेच म्हणतो. मार्गेरिताकडं वेळ कुठला होता? नवरा नाही, दुष्काळ, तीन पोरं, म्हातारी सासू. तिनं वेगळा वेळ काढलाच नाही. जे चाललं होतं त्यातच पोरांना सोबत घेतलं. प्रार्थनेला, वावरात, आजाऱ्याच्या घरी.

परवा पाण्याची पाळी संपवून येताना त्या वस्तीवरून गेलो. लाईट गेलेली होती. आजी अंधारातच पुढं म्हणत होती, नातवंडं मागं म्हणत होती. धाकटं अडखळलं तर आजी थांबली, त्याला परत म्हणायला लावलं, मग पुढं गेली.